कर्ज फिटतंय पण जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही हे दिवस कसे काढलेत?

गोदाकाठ | ९ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकला, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. हातात ५२ हजार पडतात, बायको घरी ट्यूशन घेते त्याचे ९-१० हजार येतात. मुलगी दुसरीत आहे, आई आमच्याकडेच असते. दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली, मेडिक्लेम ३ लाखांचा होता आणि बिल त्याच्या दुपटीच्या वर गेलं, मग इन्फेक्शन, परत ॲडमिट, आणि एवढं सगळं करून आठ महिन्यांनी बाबा गेलेच. मधे कंपनीत काम कमी होतं, ओव्हरटाईम बंद झाला, त्यात किराणा-शाळा सगळं कार्डावर गेलं.

आजची परिस्थिती: पर्सनल लोन ५ लाखांचं होतं, १४ टक्क्यांनी, ५ वर्षांचं, हप्ता ११,६३४, त्याचे ३ लाख ४० हजार राहिलेत. एका कार्डावर १ लाख १० हजार, दुसऱ्यावर ४६ हजार. कंपनीच्या कामगार पतसंस्थेचं १ लाख २० हजार, त्याला माझ्याच लाईनवरचा एक सहकारी जामीन आहे. आणि कॉलेजच्या मित्राकडून हातउसने घेतलेले ८० हजार. एकूण ६ लाख ९६ हजार.

पैशाचं गणित मी बसवलंय. एक्सेल केलीय, ३ वर्षांत सगळं फिटतंय असं दिसतंय. प्रश्न गणिताचा नाहीये. अनोळखी नंबर आला की पोटात गोळा येतो. हप्ता ५ तारखेचा आणि पगार ७ ला, त्यामुळे महिन्याचे पहिले चार दिवस मी घरात असून नसल्यासारखा असतो. गेल्या रविवारी मुलीला कॉलेज रोडला आईस्क्रीम खायला नेलं, तिने मोठा कोन मागितला, ६० रुपयांचा फरक होता फक्त, मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. नंतर घेऊन दिला तोच कोन, पण तिने तो नुसता हातात धरून ठेवला, वितळून कोपरापर्यंत ओघळ गेला तरी तोंडाला लावला नाही.

फिटल्यावर मन शांत होईल हे मलाही कळतंय हो. पण ३ वर्षं अशीच काढली तर पोरगी दहाची होईल. तोपर्यंत काय करायचं ते सांगा.

अजून एक, लिहू का नको करत होतो पण लिहितो. बायकोला पर्सनल लोन आणि पतसंस्था माहीत आहे. कार्डं आणि मित्राचे ८० हजार माहीत नाहीत.

अबोली | १० जून, सकाळी ७:१५

दादा, तुमची शेवटची ओळ हाच सगळा धागा आहे.

मी त्या दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या नवऱ्याने ४ लाखांचं कर्ज दोन वर्षं लपवलं होतं. मला कळलं ते कपडे मशीनला टाकताना, पँटच्या खिशात घडी घालून ठेवलेली नोटीस सापडली, घड्या इतक्या वेळा उघडलेल्या की कागद चार ठिकाणी फाटायला आलेला. मी तिथेच बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले. खरं सांगते, आकड्याचं मला काहीच वाटलं नाही त्या क्षणी. मला आठवत होतं ते हे, की त्या दोन वर्षांत मी कितीदा विचारलं होतं काय झालंय आणि तो कितीदा म्हणाला होता काही नाही गं, ऑफिसचं टेन्शन. आणि मी दोन वर्षं समजत होते की त्याला आता मी आवडत नाही.

तुमची बायकोही काहीतरी समजत असणारच. तुम्ही पहिले चार दिवस घरात असून नसता हे तुम्हाला दिसतंय तर तिला दिसत नसेल का?

सांगा. रात्री झोपताना नाही, मुलीसमोर नाही, भांडणाच्या मधे तर अजिबात नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी, सगळे आकडे एका कागदावर लिहून, तो कागद तिच्या हातात द्या. अर्धं सांगून अर्धं ठेवू नका, दुसऱ्यांदा कळलं की पहिल्यांदाचं सांगितलेलंही वाया जातं. ती चिडेल, चार दिवस बोलणार नाही कदाचित. तेवढं सोसा.

थेट_बोल | १० जून, सकाळी १०:०३

मी स्पष्टच लिहितो. आधी खर्च बंद करा मग शांतीचं बघू. आईस्क्रीम, बाहेरचा चहा, ओटीटी, सणाचे कपडे सगळं ३ वर्षं बंद. घरातलं सोनं विकून टाका, नुसतं कपाटात पडून काय उपयोग. मी १८ महिन्यांत साडेपाच लाख फेडलेत, एकदाही हॉटेलात जेवलो नाही. त्रास झाला पण फिटलं. आपल्याकडे ऋण काढून सण करायची सवय आहे ती आधी मोडा.

हिशेबनीस | १० जून, दुपारी १:४०

राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा वसुली विभागात, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहितो.

गोदाकाठ, तुम्ही म्हणता गणित बसलंय, तर ती एक्सेल पुन्हा उघडा. दोन्ही कार्डांवर तुम्ही मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरताय असा माझा अंदाज आहे. १ लाख १० हजारांवर महिना साडेतीन टक्के धरलं तर व्याज झालं ३,८५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ६९३. म्हणजे ४,५४३ नुसतं भाडं. पाच टक्क्यांनी मिनिमम होतं ५,५००. तुमचे ५,५०० गेले आणि मुद्दल कमी झालं ९५७ रुपयांनी. शिवाय मागची बाकी पूर्ण भरलेली नसताना त्याच कार्डावर नवीन काही घेतलं तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तेव्हा तुमच्या मनाला जे ठीक वाटत नाहीये ना, ते उगाच नाही. कागद सांगतोय ३ वर्षं आणि आतून तुम्हाला कळतंय की खरं नाही.

याचा उपाय आहे. पतसंस्थेतून वाढीव कर्ज घेऊन कार्डं बंद करता येतात का ते विचारा. दोन्ही मिळून १ लाख ५६ हजार, १३ टक्के दराने ३६ महिन्यांत फेडायचे म्हटलं तर हप्ता ५,२५० च्या आसपास पडतो. आत्ता दोन्ही कार्डांचं मिनिममच ७,८०० होतंय. आणि कार्डं लगेच रद्द करा, खिशात ठेवू नका.

दुसरं, हप्त्याची तारीख. पगार ७ ला तर हप्ता १० ला करून द्या असा अर्ज शाखेत द्या. देतीलच असं नाही, नाही दिलं तर एक वेगळं खातं काढा, ज्या खात्यातून हप्ता जातो ते नुसतं हप्त्यालाच ठेवा आणि पगार झाला की त्याच दिवशी पुढच्या महिन्याचा हप्ता तिकडे टाकून मोकळे व्हा. एकदाच एका हप्त्याची जुळवाजुळव करावी लागेल, पण मग ५ तारीख कधी आली न गेली कळणारही नाही. सिबिलचा रिपोर्टही काढा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात बँकांची सगळी कर्जं दिसतात.

थेट_बोल यांचा सोनं विकण्याचा सल्ला मला पटत नाही. सोनं बायकोचं असतं. ते ठेवायचं, विकायचं का तारण ठेवायचं, हे तिने ठरवायचं. आणि त्यासाठी तिला आधी माहीत असायला लागतं.

सुगंधी_सुपारी | १० जून, संध्याकाळी ६:२२

थेट_बोल, तुम्हाला जमलं त्याचं कौतुक आहे पण सगळ्यांना असं सांगू नका प्लीज. मी अगदी हेच केलं होतं, सगळं बंद. चार महिने एक कप चहा बाहेर प्यायले नाही. पाचव्या महिन्यात एका बुधवारी ऑफिसमधून घरी जाताना दुकानात शिरले आणि १४ हजारांची खरेदी करून बाहेर आले, त्यातले दोन ड्रेस अजून टॅग लावलेले पडलेत. त्या रात्री स्वतःची जी किळस आली ती कर्जापेक्षा वाईट होती.

आता आमच्याकडे श्रीखंडाचा रिकामा डबा आहे, अर्धा किलोचा. त्यात दर रविवारी ३०० रुपये टाकायचे, दहाच्या-वीसच्या नोटा आणि नाणी. त्या पैशाचं काय केलं हे कोणी कोणाला विचारायचं नाही. संपले की पुढच्या रविवारपर्यंत नाही. मुलांना सुद्धा कळतं हो, डबा हलवून बघतात आणि मागतच नाहीत संपले असले की. मोठा कोन डब्यातून आला की तुम्हाला तो टोचणार नाही, कारण तो आधीच हिशोबात धरलेला आहे.

कोकणातला_पाऊस | १० जून, रात्री ९:१०

मित्राच्या ८० हजारांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

मी उसने दिलेल्यांपैकी आहे. जवळच्या मित्राला दीड लाख दिले होते, त्याच्या घराच्या छपराचं काम होतं. सहा महिन्यांत देतो म्हणाला. सहाचे आठ झाले, मग त्याने फोन उचलणं बंद केलं, मग गणपतीला यायचा तो यायचा बंद झाला. रत्नागिरीत बाजारात मला लांबून बघून तो दुसऱ्या गल्लीत वळला, मी बघितलं. मला पैसे नको होते हो त्या क्षणी. मला असं वाटलं की मीच कोणीतरी भयंकर माणूस आहे.

त्याला फोन करा. पैसे नसताना करा. म्हणा की आत्ता जमत नाहीये, महिना हजार-दोन हजार देतो. माझ्या मित्राने महिना ५०० जरी दिले असते तरी तो आज माझ्याकडे गणपतीला असता.

गोदाकाठ | १० जून, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. ऑफिसात दुपारी वाचलं आणि उठून पॅन्ट्रीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

हिशेबनीस काका, बरोबर आहे, मिनिममच भरतोय. एक्सेलमध्ये मी कार्डाची बाकी ३६ ने भागली होती, व्याज धरलंच नव्हतं. म्हणजे धरायचं टाळलं होतं.

कोकणातला_पाऊस, गेले पाच महिने मी त्याचा फोन उचललेला नाही. त्याआधी दिवाळीचा मेसेजही वाचून ठेवून दिला.

दोन गोष्टी विचारतो. एक म्हणजे चुकून एखादा हप्ता गेलाच नाही तर घरी माणसं येतात का, आई घरात एकटी असते दुपारची. आणि तुरुंग वगैरे? दुसरं, आईला कळू द्यायचं का? तिला वाटेल बाबांमुळे झालं सगळं.

ढोलकी | १० जून, रात्री ११:४८

तुरुंग वगैरे काही नसतं भाऊ, कर्ज हा दिवाणी मामला आहे, बिनधास्त झोप.

हिशेबनीस | ११ जून, सकाळी ८:०५

ढोलकी, अर्धं बरोबर आहे पण अर्ध्याने माणूस अडचणीत येतो. कर्ज थकलं म्हणून कोणाला अटक होत नाही हे खरं. पण दिलेला चेक पैसे नसल्यामुळे परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागतं आणि तो गुन्हा आहे, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता बाउन्स झाला तर २००७ च्या पेमेंट सिस्टीमच्या कायद्यात कलम २५ तसंच आहे. लगेच कोणी उठून केस करत नाही, रीतसर नोटीस येते, पैसे भरायला मुदत मिळते. पण म्हणूनच खात्यात हप्त्याचे पैसे असणं महत्त्वाचं, आणि नसणार असतील तर आधी शाखेत जाऊन सांगणं महत्त्वाचं. आधी येऊन सांगणारा माणूस आणि फोन बंद ठेवणारा माणूस, दोघांच्या फाईलवर आमचे शेरे वेगळे असायचे.

घरी येण्याबद्दल. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ-धमकी नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास देऊन बदनामी करायची नाही. तसं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी लागत नाही. चौकशीला १४४४८ नंबर आहे.

पतसंस्थेला मात्र हे लागू नाही, ती सहकार खात्याकडे येते. तिथे थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढतात आणि जामीनदार तुमच्याइतकाच जबाबदार धरला जातो. म्हणून व्याज कमी असलं तरी पतसंस्थेचा हप्ता चुकवायचा नाही, एरवी मी जास्त व्याज आधी फेडा म्हणणारा माणूस आहे.

पावसाळी_ढग | ११ जून, दुपारी ३:३६

मी वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितेय. रात्रीचं.

माझं कर्ज धंद्याचं होतं, केटरिंग, लॉकडाऊनमध्ये बुडालं. रोज रात्री तीनला जाग यायची आणि मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करायचे, तोच हिशोब, रोज. रात्री तीनला केलेला हिशोब नेहमी वाईटच येतो. एका रात्री गच्चीवर गेले होते, जास्त लिहीत नाही. खाली येऊन टेली मानसला फोन केला, १४४१६, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, चोवीस तास असते, मराठीत बोलतात. समोरच्या बाईंनी कर्जाबद्दल काहीच सल्ला दिला नाही. तुमच्याजवळ घरात आत्ता कोण आहे असं विचारलं, त्याला उठवा म्हणाल्या, मी भावाला उठवलं. नंतर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सायकियाट्रिस्टला दाखवलं, सात महिने गोळ्या घेतल्या, लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात.

तेव्हापासून नियम केलाय, रात्री दहा ते सकाळी सहा हिशोब करायचा नाही. डोक्यात आला तर उशाशी वही आहे, तिच्यात फक्त एक शब्द लिहायचा, "कार्ड" किंवा "लाईटबिल", आणि वही बंद. पैशाला आठवड्यातला एक तास ठरवून दिलाय, शनिवारी ५ ते ६, तेव्हा तो शब्द उघडायचा. पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक पडला नाही, मग पडला. बहुतेक शब्द शनिवारपर्यंत मरून गेलेले असायचे.

गोदाकाठ, तुम्हाला असं काही वाटत असेल तर शनिवारची वाट बघू नका, लगेच कोणालातरी उठवा.

पारिजात | ११ जून, रात्री ८:५०

कालपासून लिहू की नको करतेय.

तुमच्या पैशाबद्दल सगळ्यांनी छान सांगितलंय, पण मला तुमच्या पोस्टमध्ये "एवढं सगळं करून बाबा गेलेच" हे वाक्य दिसलं आणि तिथेच अडकले. माझी आई गेली तेव्हा तिच्या किमोचे १९ हप्ते राहिले होते. माणूस गेलेलं आणि बँकेचा मेसेज महिन्याच्या महिन्याला येतोय. मला राग यायचा, कोणाचा ते कळायचं नाही, मग रागाची लाज वाटायची. माझ्या मोठ्या बहिणीने एकदा मला नुसतं विचारलं, तेव्हा पैसे नाहीत म्हणून तिला दवाखान्यातून घरी आणलं असतं तर आज तुला झोप लागली असती का?

मग मी एक सुरू केलं. हप्ता जायच्या दिवशी सकाळी आईची आवडती तांदळाची उकड करायची, वर कच्चं तेल, आणि तिच्यासारखं उभ्याउभ्याच खायची. १९ वेळा केली. शेवटच्या हप्त्याला मला चक्क रडू आलं की आता पुढच्या महिन्यात काय निमित्त.

आईंना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्यांनी नवऱ्याला दवाखान्यात नेताना आणताना बघितलंय, खर्च त्यांना कळला नसेल असं मला नाही वाटत.

देहूकर | १२ जून, सकाळी ६:३०

लाजेवरून आठवलं. आमच्या गावचे तुकोबाराय, त्यांचं दुकानही दुष्काळात बसलं होतं, १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ, घरात माणसं गेली, दिवाळं निघालं, गावात पत गेली. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची लोकांकडून येणं असलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं आमच्याकडे परंपरेने सांगतात. लहानपणापासून ऐकतोय ही गोष्ट, पण माझ्यावर कर्ज झालं तेव्हा लक्षात आलं की ज्याला कर्जात माणूस कसा होतो ते माहीत होतं त्यानेच ती बुडवली. आपल्याला घेतलेलं फेडायचंच आहे, ते बुडवायचं नाही. पण मान खाली घालून चालायची गरज नाही एवढंच.

थेट_बोल | १२ जून, सकाळी ११:१५

सुगंधी_सुपारी आणि पारिजात, तुमचं वाचून विचार केला. मी एकटा राहायचो तेव्हा, मला मुलं नव्हती, त्यामुळे मला जमलं असेल. लहान मूल असलेल्या घरात तो डबाच बरा. माझं सोन्याचं वाक्य मागे घेतो.

गोदाकाठ | १६ जून, रात्री ९:४०

काल सांगितलं.

आई मुलीला घेऊन मावशीकडे गेली होती. मी कागद लिहून ठेवला होता, अबोली ताईंनी सांगितलं तसा, सगळे आकडे, मित्राचाही. तिच्या हातात दिला आणि मला काही बोलताच येईना. तिने वाचला, परत वाचला, उठून आत गेली, मला वाटलं संपलं. तर ती तिची ट्यूशनची वही घेऊन आली आणि मागच्या पानावर उघडून समोर ठेवली. त्यात तिने गेले सात महिने घरातला प्रत्येक खर्च लिहिलेला होता, दूध, रिक्षा, सगळं, आणि पगारातून किती कुठे जातात ते जुळवून बघितलेलं, शेवटी लाल पेनने "दर महिना ८००० कुठे?" असं लिहून दोनदा अधोरेखित. म्हणाली, मला वाटलं तुझं बाहेर काहीतरी आहे. मग रडली. मग मी.

मग चिडली पण, खूप. अजून नीट बोलत नाहीये. पण आज सकाळी डबा देताना म्हणाली, माझी भिशी ऑगस्टला लागतेय, ३६ हजार, लहान कार्डाला टाकू. मी नको म्हणालो तर म्हणाली, कागद मला दिलायस ना, आता मी पण बघणार.

मित्रालाही फोन केला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला आणि म्हणाला, अरे, बाबा गेल्याचं मला बाहेरून कळलं रे. पैशाबद्दल बोलायला मला दहा मिनिटं लागली. जुलैपासून महिना २,००० ठरलेत.

पतसंस्थेत जाऊन आलो. १ लाख १० हजारांचा अर्ज दिलाय, मोठ्या कार्डापुरता. दुसरा जामीनदार हवा होता, त्यासाठी आमच्या शिफ्ट सुपरवायझरला विचारावं लागलं, ते मला सगळ्यात जड गेलं. त्यांनी सही केली आणि एवढंच म्हणाले की मी पण फेडतोय अजून.

अबोली | १६ जून, रात्री १०:०२

वाचून डोळे भरून आले. त्या लाल पेनच्या ओळीसाठी तिला वेळ द्या दादा. माझं मन निवळायला चार महिने लागले होते. मधेच एखाद्या दिवशी ती परत तेच विचारेल, तेव्हा "झालं ना बोलून" असं म्हणू नका.

कोकणातला_पाऊस | १७ जून, सकाळी ७:२०

पहिल्याच रिंगला उचलला हे वाचलं आणि आत्ताच मी त्या माझ्या मित्राला मेसेज टाकला. पैशाचं काही लिहिलं नाही, आमच्या दारातल्या फणसाचा फोटो पाठवला. दोन टिक निळ्या झाल्यात, बघू.

गोदाकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

खूप महिन्यांनी येतोय. धागा वर काढल्याबद्दल माफ करा, पण तुम्हाला सांगायचं होतं.

लहान कार्ड बंद झालं. भिशीचे ३६ हजार, मग थोडे थोडे, आणि शेवटचे सात-आठ हजार दिवाळीच्या पैशातून. मधे एकदा त्यांचा माणूस फोनवर म्हणाला होता सेटलमेंट करा, कमी पैशात मिटवून देतो, पण हिशेबनीस काकांना मी वेगळं विचारलं होतं, त्यांनी सांगितलं की रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा वर्षानुवर्षं राहतो, थोडंच राहिलंय तर पूर्ण भरून "क्लोज्ड" करून घ्या. तसंच केलं. मोठं कार्ड जुलैतच पतसंस्थेच्या कर्जातून मिटवलं. त्याचा हप्ता ३,७०० च्या आसपास बसतोय, आधी नुसतं मिनिमम ५,५०० होतं.

अजून साडेपाच लाखांच्या वर आहेच. अनोळखी नंबर आला की अजूनही छातीत धस्स होतं, फक्त आता उचलतो. सप्टेंबरमध्ये एक आठवडा फार वाईट गेला, मुलगी आजारी होती, परत रात्रीचे हिशोब सुरू झाले, तेव्हा ती उशाशी वही ठेवायला लागलो. आमचा पण शनिवार ५ ते ६ आहे आता. बायको आकडे वाचते, मी लिहितो. सकाळी शिफ्टच्या आधी जमेल तेव्हा पांडवलेणीच्या पायऱ्या चढून येतो, तेवढा वेळ फोन गाडीच्या डिकीत असतो.

आईला आम्ही सांगितलं नव्हतं. दिवाळीत पाडव्याला ती स्वतःच म्हणाली, यांच्या आजारपणाचं किती राहिलंय रे. मी सांगितला आकडा. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ते जायच्या आधी आठ महिने घरी होते, मला जेवढे मिळाले तेवढे पुष्कळ. पारिजात ताई, तुमची खूप आठवण आली तेव्हा.

आणि आमच्याकडेही डबा आहे, श्रीखंडाचाच. मुलीने त्यावर स्केचपेनने "आईस्क्रीम आणि इतर" लिहिलंय. परवा मोठा कोन घेतला तिने, माझ्या आधी संपवला.

काका, एक विचारायचं होतं. कार्ड बंद झाल्याचं पत्र मेलवर आलंय, पण शेवटचे पैसे मशीनमध्ये रोख भरले होते त्याची ती छोटी पावती आहे. ती फाईलला लावून ठेवू का लॅमिनेट करून घेऊ?

हिशेबनीस | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

अभिनंदन, दोघांचंही. लॅमिनेट अजिबात करू नका, तो कागद उष्णतेने काळा पडतो, आणि नुसती ठेवली तरी वर्षा-दोन वर्षांत अक्षरं उडतात. उद्याच्या उद्या झेरॉक्स काढा दोन, पत्राची प्रिंट काढून सगळं एकत्र पिना लावून ठेवा. आणि दोन महिन्यांनी सिबिल रिपोर्ट काढून तिथे "क्लोज्ड" आलंय का ते बघा, नसेल आलं तर इथे लिहा, अर्ज कसा करायचा ते सांगतो.